उलट्या पक्ष्याचं घर

पॅरिस, १४ जानेवारी २०१८

प्रिय ओदेत,

तुझं नाताळचं पत्र पोचलं. फोन करत जा म्हणतेस, पण माझा डावा कान आता पुरता गेलाय आणि उजवा त्याच्या वाटेवर आहे. फोनवर ओरडून बोलायचं म्हणजे अख्ख्या इमारतीला आपल्या गोष्टी कळायच्या. आयुष्यभर मी त्यांच्या ऐकल्या, आता माझ्या त्यांना कशाला? तेव्हा पत्रच बरं. पत्ताही नेहमीचाच घालते, अबीलियूचं वाणसामानाचं दुकान, अल्फामा, लिस्बन. तू सासूबाईंच्या घरी राहायला गेलीस त्याला पाव शतक होऊन गेलं, तरी पोस्टमन काही तुमचा जिना चढत नाही आणि तुझ्या घराचा नंबर काही मला ठाऊक नाही. आईच्या अंत्यविधीला आले ती माझी लिस्बनची शेवटची खेप, आणि त्यानंतरचं तुझं घर मी पत्रातच पाहिलं.

बातमी अशी, की मेअखेर माझं काम संपतं. इमारतीची राखण, झाडलोट, दारांच्या पितळी मुठी घासणं, सगळं नव्या बाईकडे जाणार. कामाबरोबर जिन्याखालची खोलीही जाते, ती कामाचीच होती. आधी नवरा, जर्मानूला जाऊन दोन वर्षं झाली, आता खोली. वाईट वाटत नाही म्हणावं तर खोटं होईल, आणि वाईट वाटतं म्हणावं तर त्या खोलीत ऊन कधी आलंच नाही. नुसती दमलेय, ओदेत. सकाळी उठते तीच दमलेली उठते.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका भाडेकरूनं कचऱ्यात एक पुस्तक टाकलं होतं, लिस्बन बघायला जाणाऱ्यांसाठीचं. जेवल्यावर मी ते वाचत बसते. आपल्याच गावाबद्दल त्यात काय काय आहे! किल्ल्यावर मोर आहेत म्हणे. रोसियू चौकातल्या फरशीच्या काळ्यापांढऱ्या लाटा बघून परदेशी माणसांना गरगरतं म्हणे. आपल्याला कधी गरगरलं नाही, पोटात गरगरायला काही असायचंच नाही.

त्याच चौकातला आरशांचा कॅफे आठवतो? आपण एकोणीस वर्षांच्या होतो. काचेला नाक लावून आत बघत होतो. हिरव्या टोपीची एक बाई केक काट्यानं खात होती. तू म्हणालीस, "काट्यानं? त्याला काय हाडं असतात?" तेवढ्यात तुझी आई आली आणि तुला वेणीला धरून नेलं. अल्फामाच्या मुली कॅफेत बसत नसत. आपण ठरवलं होतं, एक दिवस दोघी आत बसायचं. पन्नास वर्षं झाली, बाई. तू त्या चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतेस, जाऊन बघ तरी आहे का तो. मी आले की आपण दोघी आपलं गाव पाहुण्यांसारखं फिरू, चौक, किल्ला, कॅफे, संध्याकाळची गाणी, सगळं. तू आधी बघून ठेव आणि कळव.

तुझी
लुसीलिया


लिस्बन, २ फेब्रुवारी २०१८

प्रिय लुसीलिया,

तुझं पत्र अबीलियूनं मला देताना वर तोच म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीचं अक्षर थकलंय हो." त्याला तुझ्या अक्षराचं पंचवीस वर्षांचं ज्ञान आहे. पत्र न फोडताच तो अर्धं वाचतो.

गेले रोसियूला. ट्राममध्ये चढता आलं नाही, आपली ती पिवळी ट्राम आता पाहुण्यांचीच झालीय, खिडकीबाहेर हात काढून फोटो घेतात आणि आपण थांब्यावर पिशवी घेऊन उभे. रिक्षा बऱ्याच फिरतात, त्यांतही तेच. मग चालत गेले. कॅफे आहे. आरसेही आहेत. दारावर पाच भाषांत पाटी आहे. मी बाहेर उभी राहिले, आतून पोऱ्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "बाळा, मी इथलीच आहे." तो म्हणाला, "मग आत या ना, आजी." नाही गेले. एकटीनं जायचं नाही असं ठरलं होतं ना.

संध्याकाळच्या गाण्यांचं, आपल्या त्या रडव्या फादूच्या जागेचं विचारलंस, तर तिथे मी रोजच असते, फक्त मागच्या बाजूला. टेबलांवरची कापडं इस्त्री करते. पुढे दिवे मंद करतात आणि मालक चार भाषांत सांगतो की शांत राहा, आता गाणं होणार. पूर्वी एकदा म्हटलं की गल्लीतलं कुत्रंही गप्प बसायचं. आता चारदा सांगूनही काट्याचमच्यांची खडखड चालूच. गाणारी मुलगी चांगली आहे. विरहाचं गाणं आटोपून मागे येते आणि माझ्या इस्त्रीच्या टेबलावर पाय वर करून बसते. म्हणते, "ओदेतमावशी, आज तिसऱ्यांदा मेला माझा खलाशी."

आता खरं सांगते, लिहायचं टाळत होते. आमची इमारत विकली गेली. वकिलाचा कागद आलाय, एप्रिलअखेर घर सोडायचं. भाडेकरार सासूबाईंच्या नावावर होता. त्या गेल्या, मग त्यांचा लेक, माझा आर्मिंदू गेला, आणि नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. भाडं जात होतं, पावती येत होती. आता म्हणतात, तुम्ही कोण? या वयात कुणी तुम्ही कोण विचारलं तर काय सांगायचं गं? खालच्या दोन बिऱ्हाडांनी पैसे घेऊन आधीच बिस्तरा हलवला. आर्मिंदूचा पुतण्या रुई नदीपलीकडे बारेरूला राहतो, तो म्हणतो माझ्याकडे या. खोली आहे. लिफ्टही आहे.

खिडकी मात्र तिथे नाही मिळायची. तुला किती वेळा लिहिलंय, दोन धुराड्यांमध्ये वीतभर नदी आणि कडेला सांता एंग्रासिया चर्चचा अर्धा घुमट. बोट गेली की आधी तिचं नाक दिसतं, मग काहीच नाही, मग शेपूट. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आर्मिंदूनं उलट्या बसवलेल्या फरशीवरचा तो निळा पक्षीही तसाच आहे. बाकीचे अकरा सरळ, हा एकच पाय वर करून. मी ओरडले होते तेव्हा म्हणाला होता, "राहू दे, दमलाय तो." आता मी त्या पक्ष्याकडे बघते आणि म्हणते, बाबा, मी पण.

तुझी
ओदेत


पॅरिस, १८ फेब्रुवारी २०१८

प्रिय ओदेत,

पत्र वाचलं. म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढून खोल्या पाहुण्यांना देणारे हे कोण लोक? गिधाडं. मेलेल्याची वाट तरी बघतात गिधाडं, हे तेवढंही थांबत नाहीत. पैसा आहे म्हणून कुणाचंही दार विकत घ्यावं? यांच्या घरात झोप कशी लागते? मी सेलीनला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, सगळीकडे असंच चाललंय." तिची धर्ममाय तू, बाप्तिस्म्याला तिला हातात धरून तू उभी होतीस, आणि ही म्हणते असंच चाललंय. आजकालची मुलं.

तू हार मानू नकोस. वकील बघ. नाहीच जमलं तर बारेरू काही परदेश नाही, बोटीत बसलं की लिस्बन. आणि मलाही तुला एक गोष्ट सांगायची आहे, पण अजून सही व्हायची आहे, म्हणून आज नाही. तोंड उघडलं की माझं काम बिघडतं. एवढंच सांगते की जूनमध्ये संत अंतोनीच्या सणाला मी लिस्बनला असेन.

पुस्तकात बाइरू आल्तू वस्तीतल्या संध्याकाळींबद्दल लिहिलंय. तरुण पोरं गल्लीत उभ्यानंच पितात, दारादारात गाणी असतात म्हणे. तिथे जाऊन ये ना माझ्यासाठी. तुझं मनही जरा दुसरीकडे लागेल.

तुझी
लुसीलिया


लिस्बन, ११ मार्च २०१८

प्रिय लुसीलिया,

सत्तरीच्या बाईला बाइरू आल्तूला पाठवणारी तू एकटीच. दिवेलागणीला गेले. अजून गर्दी व्हायची होती, पोरं पिंपं लावत होती. एका दारात उभी राहून चेरीची आंबट दारू घेतली, एकच छोटा पेला, फळासकट. शेजारी इंग्लंडची चार पोरं होती. डोक्यावर मुकुट घातलेला तो नवरदेव म्हणे, लग्नाआधी धिंगाणा घालायला आले होते. त्यानं मला नाचायला बोलावलं. मी म्हटलं, "माझे गुडघे नाचतात, मी नाही." त्याला कळलं नाही, पण त्यानं माझ्या पेल्याचे पैसे दिले. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू. पण हीच पोरं पहाटे आमच्या जिन्यावरून चाकांच्या बॅगा ओढत येतात, दगडी पायरीवर ठक, ठक, ठक. माझी झोप त्या पायऱ्यांबरोबर उतरते ती परत वर येत नाही. तळमजल्यावर भिंती फोडायला सुरुवात झालीय. विचारलं कधी संपणार, तर गवंडी म्हणाला, "सांता एंग्रासियाच्या घुमटाआधी." तो घुमट पुरा व्हायला किती पिढ्या गेल्या तुला माहीत आहे.

वकिलाला भेटले. चांगला माणूस होता, त्यानं मला फार आशा दाखवली नाही.

इमारतीतली घरं आता सुटी सुटी विकताहेत. परवा एक मुलगा फोटो काढायला आला. गोड बोलला. "बाई, तुम्ही जरा बाजूला व्हाल का? घर रिकामं दिसायला हवं." मी माझ्याच घरात दाराआड उभी राहिले. खुर्च्या, आर्मिंदूचा फोटो, संत अंतोनीची मूर्ती, सगळं मी आणि त्यानं मिळून मोरीत कोंबलं. खिडकीबाहेरच्या दोरीवर लाल चौकड्यांचं फडकं होतं, ते काढायचं राहिलं. म्हणाला, असू दे, छान दिसतं, गावच्यासारखं.

तू येणार म्हणून बरं वाटतं. काय सही करतेस ते कळव, नाही तर मी समजेन म्हातारपणी लग्न करतेयस.

तुझी
ओदेत


पॅरिस, २५ मार्च २०१८

ओदेत, ओदेत,

लग्न नव्हे, त्याहून चांगलं. झाली सही. मी घर घेतलं, अल्फामात!

सगळं सेलीननं केलं. पैशांची जुळवाजुळव फेब्रुवारीपासून चालली होती, घर मात्र या पंधरवड्यात मिळालं. जन्मभराची बचत, जर्मानूच्या विम्याचे पैसे, वर तिचं थोडं कर्ज. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला. मला जिने चढायची सवय आहे. वर्षातले काही महिने सेलीन पाहुण्यांना देईल कर्ज फेडायला, बाकी वेळ माझं. तिनं बघितलं नाही अजून, फोटोवरूनच घेतलं, तिथे एक दिवस थांबलं तर घर जातं म्हणे. कागदावर लिहिलंय "रिकामं, ताबा मेमध्ये". रस्त्याचं नाव कुठल्याशा संताचं आहे, नंबर चौदा. मी अल्फामात वाढले पण हा संत मला आठवेना. आपल्या वेळी कोण नावानं ओळखत होतं गल्ल्या!

फोटो मी उशाशी ठेवलाय. पांढऱ्या भिंती, खिडकी, बाहेर आभाळ. दोरीवर कुणाचं तरी लाल चौकड्यांचं फडकं विसरलेलं दिसतं. मला इतकं हसू आलं, ओदेत. वाटलं, हे घर माझी वाट बघत फडकं हलवतंय.

तू बारेरूहून रोज ये. बारा जूनच्या रात्री अल्फामात प्रत्येक घर आपल्या दारात शेगडी मांडतं, तशी मी माझ्या दारात मांडेन. सत्तर वर्षांत पहिल्यांदा माझं दार. तू सार्डिन मासे भाज, मला आता जमायचं नाही. सेलीन ओरडते, आई तू रडतेस का. रडत नाहीये, सांगितलं तिला, विश्रांती घेतेय.

तुझी
लुसीलिया


(न टाकलेलं)
लिस्बन, २ एप्रिल २०१८

लुसीलिया,

ते फडकं माझं आहे.

त्या जिन्याला आपण पाववालीचा जिना म्हणतो. तू लहानपणी तिथेच पडून दात पाडला होतास. संताचं नाव फक्त नगरपालिकेला आणि वकिलाला माहीत आहे. नंबर चौदा, तिसरा मजला. माझ्याकडे आलेल्या कागदावरही तेच आहे.

मी तुझं पत्र अबीलियूच्या दुकानात उभ्यानं वाचलं. तो म्हणाला, "काय झालं, कुणी गेलं का?" मी म्हटलं, नाही, येतंय.

तू गिधाडं म्हणालीस. मी तो शब्द रोज मनात घोळवत होते, बरं वाटायचं. आता कुणाला म्हणू? मला राग आलाय. इतका, की काल इस्त्री करताना गाण्याच्या जागेचं एक कापड जाळलं. पन्नास वर्षं तू म्हणत होतीस, मला अल्फामात एक खिडकी हवी. मी म्हणत होते, मिळेल गं. आणि माझीच मिळाली. काखेत कळसा म्हणतात तो असा.

तुला सांगितलं तर तू येणार नाहीस. सही झालीय, पैसे गेलेत, तू जिन्याखालच्या खोलीतून निघालीस की कुठे जाशील, सेलीनच्या सोफ्यावर? आणि तू नाही घेतलंस तर उद्या मुकुट घातलेला कुणी घेईल. मला घर परत मिळायचं नाहीच. हे सगळं मला कळतं. तरीही मनात येतं, न सांगता जावं, येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे तिला. पक्षी बघू दे. हे चांगलं नाही, पण हे माझ्या मनात आहे.

ओदेत


लिस्बन, ९ एप्रिल २०१८

प्रिय लुसीलिया,

तुझ्या घराची बातमी वाचली. अभिनंदन. जिने चढताना सावकाश चढ.

मी महिनाअखेर बारेरूला जाते. रुईचा पत्ता खाली दिलाय, आता अबीलियूकडे पत्र टाकू नकोस. सामान बांधायचं आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. फार दमलेय.

ओदेत


लिस्बन, ७ जून २०१८

ओदेत,

कसं लिहू कळत नाही. तुझ्या खिडकीशी बसलेय.

परवा आले. टॅक्सीवाल्यानं खाली सोडलं. जिना बघून म्हटलं, अरे, हा तर पाववालीचा जिना. हसले सुद्धा. वाटलं, ओदेत इथेच कुठेतरी राहायची, विचारते कुणाला तरी. वर गेले, चावी लावली. खिडकी उघडली. दोन धुराडी, मध्ये वीतभर नदी. कडेला अर्धा घुमट. तरीही मला कळलं नाही, खरं सांगते, मी म्हटलं, अगदी ओदेतच्या खिडकीसारखं दिसतंय. मग एक बोट आली. आधी नाक, मग काहीच नाही, मग शेपूट. स्वयंपाकघरात जाऊन भिंत बघितली. अकरा सरळ, एक उलटा.

मी त्या फरशीखाली जमिनीवर बसून राहिले. सेलीनला फोन केला. तिनं विचारलं, "घर आवडलं?" मी म्हटलं, हे तुझ्या धर्ममायेचं घर आहे. तिला काही माहीत नव्हतं गं, शपथेवर सांगते. ती रडली. मग म्हणाली, "आई, पण करार झालाय."

दोरीवर ते फडकं अजून आहे. तू मुद्दाम ठेवलंस ना? ठेवायलाच हवं होतंस.

ओदेत, चावी तुझी आहे. परत ये. मी जाते सेलीनकडे, नाही तर दोघी राहू, दोन खोल्या आहेत. तुला एप्रिलमध्येच कळलं होतं, नाही? ते चार ओळींचं पत्र. फडक्याचंही तू लिहिलं होतंस, पण माझ्या मूर्ख डोक्यात काही जुळलं नाही, वाटलं, तू सामान बांधून दमलीस. मला शिव्या दे, पण उत्तर दे.

लुसीलिया


लिस्बन, १३ जून २०१८

ओदेत,

उत्तर नाही. मी रोज अबीलियूकडे जाते, तू तिथे नसतेस हे माहीत असून.

काल सणाची रात्र होती. संध्याकाळपासून सगळ्या दारांत शेगड्या लागल्या. शेजारच्या कोळिणीनं माझ्या दारात एक ठेवली, म्हणाली, "नव्या आहात, रिकामं दार बरं दिसत नाही." नव्या! निखारे पेटेनात. मी फुंकत बसले, डोळे भरून आले, कशानं ते विचारू नकोस. वर गल्लीत कागदी पताका, खाली गर्दी, आणि मी त्या पायरीवर तुझ्या जागी बसलेली. प्रत्येक माणूस माझ्याकडे बघत होता असं वाटलं. "ही कोण?" कुणी विचारलं नाही, पण मला ऐकू आलं, बहिऱ्या कानानं सुद्धा.

सार्डिनची टोपली आणायला आत गेले. बाहेर आले तर उंबऱ्यावर या सणाला देतात तशी सब्जाची कुंडी. गोल, हिरवीगार, वर कागदी फूल आणि चिठ्ठी. मी चिठ्ठी वाचायच्या आधीच कुंडी उचलली आणि नाक खुपसून श्वास घेतला. कोळीण किंचाळली, "अहो बाई, हाताने! नाकाने वास घेतला की रोप मरतं!" सगळी गल्ली हसली. कुणीतरी म्हणालं, पाहुणी आहे. मला माहीत होतं, ओदेत. लहानपणी आपण दोघींनी आईकडून त्यासाठी मार खाल्लाय. सत्तेचाळीस वर्षं बाहेर राहिले आणि नाक विसरलं.

मग चिठ्ठी वाचली.

निखारा फुलो तुझ्या दारी,
धूर येवो माझ्या घरी;
वास हातानेच घ्यावा,
नाक ठेवावं दूरवरी.

अक्षर तुझं. मी जिना धावत उतरले, या गुडघ्यांनी. तू नव्हतीस.

लुसीलिया


बारेरू, १६ जून २०१८

लुसीलिया,

नाक खुपसलंस ते मी बघितलं. वळणावर उभी होते, कोळिणीच्या नवऱ्यामागे, तो रुंद आहे. हसले मी पण. मग तू निखाऱ्यांवर परत फुंकर घालायला लागलीस, पंख्यानं वारा घालायचं सोडून, आणि माझं हसू गेलं. माझे पाय आपोआप पुढे आले होते, पेटवून द्यायला. पण ती शेगडी माझ्या दारातली नव्हती. दार होतं, शेगडी होती, तूही होतीस, आणि तरी मी पाहुणी होते. शेवटची बोट धरून परत आले.

कुंडीवाल्याकडे चिठ्ठ्यांचा ढीग होता, सगळ्या प्रेमाच्या. आपल्याला लागू पडेल अशी एकही नाही. म्हणून मीच लिहिली.

तुझी सगळी पत्रं वाचली. तू चावी देतेस, ती नको. मी विचार केला, रागानं नव्हे. रागानंही केला, पण मग नीटही केला. ते घर आता जिन्यावरच्या ठकठकीत आहे. खाली चाकांच्या बॅगा, वर चाकांच्या बॅगा, मध्ये मी एकटी, हेच गेली चार वर्षं होतं. मी तुला पत्रात नदी लिहायचे, ठकठक फार लिहायचे नाही. रुईकडे खिडकीतून समोरची इमारत दिसते आणि मी रात्रभर झोपते. घराबरोबर माझी जागरणंही तुला विकली गेलीत, ती आता तूच सांभाळ. आणि दोघी एका घरात? आठवड्यात भांडू, तुला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र सांगते, मनात ठेवून कुजायला नको. तुला शिव्या दे म्हणतेस. मी द्यायला बसले तर तुझा गुन्हा सापडत नाही. आणि गुन्हा नाही म्हणून राग जात नाही. तुला एक खिडकी हवी होती, मला माझी सोडायची नव्हती, आणि पाववालीच्या जिन्याचं खरं नाव आपल्या दोघींनाही कधी लागलं नाही. आता यात मी कुणावर चिडू? तुझ्यावरच चिडते, दुसरं कोण आहे मला.

सेलीनला सांग, धर्ममाय तिच्यावर रागावलेली नाही. ती गवंडी पाठवेल, नवी मोरी, नव्या फरश्या. सगळं बदल. तो पक्षी राहू दे. फडकं वापर, जाड आहे, तव्याला बरं पडतं. कुंडी खिडकीत ठेव आणि संध्याकाळी पाणी घाल. नाक लावलंस म्हणून मेलीच तर मरू दे, ती तशीही पुढच्या सणापर्यंत टिकत नाही.

मी तुझा जिना इतक्यात चढणार नाही. पुढचं पुढे बघू. पण गुरुवारी माझी इस्त्रीची सुट्टी असते. चार वाजता रोसियूला ये, आरशांच्या कॅफेत. नीट कपडे घाल, हिरवी टोपी मिळाली तर फारच छान. केक मागव, काट्यानंच खायचा. पैसे तू दे, तू घरमालकीण आहेस. मी कदाचित फार बोलणार नाही.

माझी वाट बघत बाहेर उभी राहू नकोस, लुसीलिया. तू आत जाऊन बस. मी थोडा वेळ काचेतून बघेन, आणि मग येईन.

ओदेत